'नाइटली' म्हणणारी ही कोण?

जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांच्या 'सोप्या' आवृत्त्यांवर माझा फार दिवसांचा राग आहे. त्यात कथानक शाबूत राहतं आणि कात्री चालते ती रोजच्या बोलण्यावर. 'माय डिअर सर', 'आय डेअर से', पत्राखालचं 'युवर ओबीडिएंट सर्व्हंट' हे सगळं पाल्हाळ समजून उडवतात. माझ्या मते अर्धी गोष्ट तिथेच घडत असते.

जेन ऑस्टेनची 'एमा' घ्या. १८१५ च्या डिसेंबरातली कादंबरी. मिस्टर नाइटली हे एमाच्या घरातल्यासारखेच, ती त्यांना लहानपणापासून ओळखते. गावात नुकतीच लग्न होऊन आलेली मिसेस एल्टन एमाच्या घरी येते आणि बोलता बोलता त्यांना नुसतं 'नाइटली' म्हणून टाकते. तिची पाठ वळल्यावर एमाचा तिळपापड होतो: आजवर त्यांना पाहिलंसुद्धा नव्हतं आणि म्हणे नाइटली! भांडण नाही, वावगा शब्द नाही, फक्त 'मिस्टर' गळलंय. पण बाई कशी आहे ते वाचकाला तेवढ्यावरून कळतं.

त्याच पुस्तकात शेवटी एमाचं लग्न याच नाइटलींशी ठरतं. 'मिस्टर नाइटली' फार औपचारिक वाटतं, आता मला जॉर्ज म्हणता येणार नाही का, असं ते विचारतात. ती म्हणते, अशक्य! दहा वर्षांपूर्वी तिने एकदा त्यांना 'जॉर्ज' म्हटलं होतं, तेही ते चिडावेत म्हणून. ते चिडले नाहीत, मग तिनेही पुन्हा म्हटलं नाही. आता हसत, लाजत ती एवढंच कबूल करते की एकदा नाव घेईन, लग्न लागताना, चर्चमध्ये. उखाणे ऐकत वाढलेल्या आपल्याला ही जागा कुणी समजावून सांगावी लागत नाही. गाळलेल्या पुस्तकात मात्र ती भेटतच नाही.

'घरी नाहीत' हेही असंच. त्या काळच्या सभ्य घरात नोकराने असं सांगितलं की त्याचा अर्थ बाहेर गेल्यात असा असेलच असं नाही. आज भेटायचं नाही, असाही असायचा आणि दोन्ही बाजूंना ते ठाऊक असायचं. ऑस्टेनच्याच 'नॉर्थँगर ॲबी'मध्ये नायिका कॅथरीन झालेल्या गैरसमजाबद्दल माफी मागायला मैत्रीण मिस टिल्नीकडे जाते. नोकर कार्ड घेऊन आत जातो, परत येतो आणि मिस टिल्नी बाहेर गेल्यात म्हणून सांगतो. त्याचा चेहरा मात्र वेगळंच सांगत असतो. कॅथरीन निघते, रस्त्याच्या टोकाशी जाऊन मागे बघते, तर मिस टिल्नी वडिलांबरोबर त्याच दारातून बाहेर पडतेय! ही रीत माहीत नसेल तर तिला तो अपमान एवढा का लागतो, तेच कळत नाही.

आणि तो 'ओबीडिएंट सर्व्हंट'. इंग्रजीचा शब्दकोश रचणाऱ्या सॅम्युअल जॉन्सनने १७५५ मध्ये लॉर्ड चेस्टरफील्डला पत्र लिहिलं. शब्दकोशाचं काम चालू असताना या बड्या माणसाने सात वर्षं ढुंकून पाहिलं नाही आणि कोश पुरा होत आल्यावर स्तुतीचे लेख छापले. माणूस बुडत असताना बघत राहायचं आणि तो काठाला लागल्यावर मदतीची गर्दी करायची, याला आश्रयदाता म्हणतात का, असं जॉन्सन थेट विचारतो. एवढं सुनावून खाली सही: आपला अत्यंत नम्र, अत्यंत आज्ञाधारक सेवक. रीतीचा मायना जसाच्या तसा ठेवल्यामुळे ते पत्र आणखी झोंबतं.

काही वाक्प्रचार आज दगा देतात, हे मान्य. 'एमा'मध्येच, मिसेस एल्टन गावात येण्याआधी, तिचा पुढे होणारा नवरा मिस्टर एल्टन ख्रिसमसच्या आदल्या रात्री बग्गीत एमाशी 'मेकिंग व्हायोलंट लव्ह' करतो असं ऑस्टेन लिहिते, तेव्हा आजचा वाचक दचकणारच. तो बिचारा फक्त जोरजोरात प्रेम व्यक्त करून लग्नाची मागणी घालत असतो. अशा ठिकाणी प्रकाशकांनी खुशाल दोन ओळींची तळटीप द्यावी. ऑस्टेनच्या वाक्याला हात लावू नये.