करपलेल्या पानाचे हितचिंतक

आमच्या मॉन्स्टेराला ऊन लागलं ते काकूच्या मायेपोटी. "बिचारं अंधारात कुढतंय," म्हणत तिने कुंडी थेट पश्चिमेच्या खिडकीत नेऊन ठेवली. हे झाड मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या जंगलांतलं. बालपण मोठ्या झाडांच्या सावलीत गेलेलं. दुपारी तीनचं ऊन एकदम अंगावर घ्यायची सवय कुठून असणार?

वरच्या पानावर पांढुरके चट्टे उठले, मग तेच तपकिरी, कुरकुरीत झाले. शेजारच्या पानाची सावली जिथे पडली होती, तेवढा भाग मात्र हिरवागार, कडा पट्टीने आखल्यासारखी. एवढा ढळढळीत पुरावा समोर असताना काकांनी मोबाईलचा टॉर्च मारून निदान केलं, "बुरशी."

काकूचं मत वेगळं. "दुपारी पाणी शिंपडलंस ना? थेंबांचं भिंग होतं." हे भिंग मी लहानपणापासून ऐकतोय. 2010 साली हंगेरीतल्या संशोधकांनी ते तपासलं. गुळगुळीत पानावर थेंब पसरट बसतो, किरण एकवटतात ते पानाच्या पार खाली. त्याने पान भाजत नाही. थेंब उचलून धरणारी लव असली तर गोष्ट वेगळी. मी हे सगळं समजावून सांगितलं. काकू म्हणाली, "हंगेरीत ऊन तरी असतं का?"

खरी पंचाईत उपचारांची, कारण उपचारच नाही. करपलेल्या पेशी मेलेल्या असतात, तो भाग पुन्हा हिरवा होत नाही. कुंडी उन्हातून हलवायची, वरची माती सुकली की पाणी घालायचं आणि गप्प बसायचं. हे शेवटचं आमच्याकडे कुणालाच झेपत नाही. काका खताचा डबा घेऊन आले; ताणात असलेल्या झाडाला खत म्हणजे वर आणखी ताण. काकू अख्खं पान छाटायला निघाली. अर्धं हिरवं पान अजून अन्न तयार करतं, म्हणून मी कात्री लपवली.

आता कुंडी पातळ पडद्याआड आहे. पुन्हा ऊन दाखवायचंच तर सकाळचं कोवळं, आधी थोडा वेळ, मग आठवडा-दोन आठवड्यांत हळूहळू वाढवत, हे काकूला पटलं. फारच पटलं. ती रोज गजर लावून कुंडी खिडकीत नेववते आणि वेळ संपली की परत आणवते. आभाळ भरून आलेलं असलं तरी. उचलायला दोन्ही वेळा काकांनाच हाक, त्यामुळे खताचा विषय सध्या मागे पडलाय.