बसचा रंग जास्तच पिवळा

परवा एका लग्नात पंगतीला वाद निघाला. "कायदे करून काही होत नाही रे, माणसाची मनं बदलायला हवीत," आमचे एक काका म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी मठ्ठ्याची वाटी तोंडाला लावली आणि गप्प बसलो. घरी आल्यावर मात्र फॅनी लू हॅमर डोक्यातून जाईनात.

३१ ऑगस्ट १९६२. अमेरिकेतलं मिसिसिपी राज्य. कापसाच्या मळ्यावर १८ वर्षं राबलेल्या कृष्णवर्णीय हॅमरबाई आणखी १७ जणांबरोबर बसने इंडियानोला गावी गेल्या. मतदार म्हणून नाव नोंदवायला. कारकुनाने राज्याच्या घटनेचं सोळावं कलम पुढ्यात ठेवलं. आधी उतरवून काढा, मग अर्थ सांगा. घोड्याला नाताळ जेवढा कळतो, तेवढाच मला तो 'फॅक्टो' (कलमातला लॅटिन शब्द) कायदा कळत होता, असं बाई पुढे सांगायच्या. अर्थात नापास. परतताना पोलिसांनी बस अडवली. कारण काय, तर बसचा रंग जास्तच पिवळा आहे! ड्रायव्हरला दंड. घरी पोचतात तर मळेवाल्याचा निरोप तयार: अर्ज मागे घे, नाहीतर मळा सोड. बाई म्हणाल्या, मी तुमच्यासाठी नाव नोंदवायला गेले नव्हते, माझ्यासाठी गेले होते. त्याच रात्री घर सुटलं.

यातल्या एकाही नियमात 'कृष्णवर्णीयांना मत नाही' असं लिहिलेलं नव्हतं. लिहिताच येत नव्हतं. वर्णावरून मताधिकार नाकारायला १८७० च्या पंधराव्या घटनादुरुस्तीने बंदी घातली होती. त्याच वर्षी याच मिसिसिपीतून हायरम रेव्हल्स हे कृष्णवर्णीय गृहस्थ सिनेटमध्ये जाऊन बसले होते. आपल्या जोतिरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, ती याच दिवसांत. पुढे चारच वर्षांत दक्षिणेतल्या सरकारांच्या पाठीशी असलेलं केंद्राचं सैन्य मागे घेतलं गेलं, आणि तिथल्या गोऱ्या पुढाऱ्यांना रान मोकळं झालं.

मग सुरू झाली कागदाची करामत. मिसिसिपीच्या १८९० च्या घटनेत पोल टॅक्स, म्हणजे मत द्यायचं तर भरायचा कर, आला. वर्षाला दोन डॉलर भरा आणि घरपट्टीसारखी पावती जपून ठेवा. सोबत ती कलम वाचण्या-समजण्याची परीक्षा. अर्थ बरोबर की चूक, हे ठरवणार कारकून. लुइझियानाने १८९८ मध्ये त्यावर कडी केली: ज्याचा बाप किंवा आजा १ जानेवारी १८६७ ला मतदार होता, त्याला परीक्षा माफ. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांना मताचं दार उघडणारा केंद्राचा कायदा झाला १८६७ च्याच मार्चमध्ये. तारीख काय हिशेबाने काढली आहे बघा!

लुइझियानात १८९६ मध्ये १,३०,३३४ कृष्णवर्णीय मतदार यादीत होते. १९०४ मध्ये उरले १,३४२. आठ वर्षांत एवढ्यांची मनं बदलली, असं काकांना म्हणायचंय का?

उलटही घडलं. ६ ऑगस्ट १९६५ ला अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांनी मताधिकार कायद्यावर सही केली. मिसिसिपीत तेव्हा मतदानाच्या वयाच्या कृष्णवर्णीयांपैकी जेमतेम ६.७ टक्के यादीत होते. १९६७ पर्यंत ५९.८ टक्के झाले. गोऱ्यांची मनं दोन वर्षांत वितळली? छे. परीक्षा बंद केल्या, गरज पडली तिथे नावं नोंदवायला केंद्राने आपले अधिकारी बसवले, आणि ज्या राज्यांचा पूर्वेतिहास वाईट होता, त्यांना मतदानाचा कुठलाही नियम बदलण्याआधी वॉशिंग्टनची परवानगी घ्यायची सक्ती केली. मला या कायद्याचं कौतुक आहे ते या शेवटच्या, रुक्ष कलमासाठी. नवी युक्ती निघणार हे गृहीत धरूनच ते लिहिलं होतं.

२५ जून २०१३ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं, की कोणत्या राज्यांनी परवानगी घ्यायची, याचा निकष जुना झाला. निकष गेला, म्हणजे परवानगीही गेली. मतदानाला ओळखपत्र दाखवण्याचा जो कायदा टेक्सास राज्याला तोवर लागू करता आला नव्हता, तो आता लागू होतोय, असं टेक्सासने जाहीर केलं. कधी? त्याच दिवशी.

हे सगळं काकांना पंगतीतच सांगायला हवं होतं. पण तेवढ्यात जिलबी आली.