दीर, 'देवेर' आणि चुकीच्या यादीतली साखर

नमस्कार. सर्बियन शब्दांवरच्या माझ्या लेखावर तुम्ही चांगलीच खरमरीत प्रतिक्रिया लिहिलीत. 'देवेर' म्हणजे दीर हे इतकं उघड असताना सर्बियन संस्कृतातून निघाली असं लिहायला मी कचरलो, हा तुमचा पहिला आक्षेप. आठ हजारांवर तुर्की शब्द असलेल्या भाषेचं स्वतःचं असं उरलं काय, हा दुसरा. आणि जाता जाता, 'शेचेर' म्हणजे साखर हा शब्द मी चुकीच्या यादीत, वारशाने आलेल्या शब्दांमध्ये, घातल्याचं दाखवलंत.

शेचेरबद्दल कान पकडतो. तो वारशाने आलेला शब्द नव्हे, प्रवास करून आलेला. संस्कृत शर्करा फारसीत गेली, तिथून तुर्कीत 'शेकेर' झाली आणि उस्मानी राजवटीत बाल्कनमध्ये पोचली.

देवेरचं मात्र तसं नाही. सर्बियनमध्ये सून म्हणजे 'स्नाहा' (संस्कृत स्नुषा), नवऱ्याचे वडील 'स्वेकर' (श्वशुर), जाऊ म्हणजे 'येत्र्वा' (यातृ, आपली जाऊ त्यातूनच आली). सासरचं जवळजवळ अख्खं घर ओळखीचं निघतं. नणंद तेवढी जुळत नाही, ती तिकडे 'झाओवा'. नणंदेने तिथेही वेगळी चूल मांडली म्हणायची! पण दिराला लॅटिनमध्ये 'लेविर' आणि ग्रीकमध्ये 'दाएर' म्हणतात, तेही याच मुळातून. मग त्याही संस्कृताच्या लेकी मानायच्या का? शिवाय संस्कृतात मूळचे अ, ए, ओ हे स्वर एकाच 'अ'मध्ये मिसळून गेले. आपण 'दश' म्हणतो, सर्ब 'देसेत' म्हणतात, लॅटिनमध्ये 'देकेम'. आपलं 'नभस्', त्यांचं 'नेबो', ग्रीक 'नेफोस'. संस्कृतात पुसला गेलेला 'ए' सर्बियनने नेमका ग्रीक-लॅटिनच्याच जागी परत कुठून आणला असता? बहिणी आहेत, मायलेकी नव्हेत.

आता तुर्की. तो आठ हजारांचा आकडा अब्दुल्ला श्काल्यिच यांच्या तुर्की शब्दांच्या कोशातला, आणि त्यात बोस्नियातले, जुन्या लोकगीतांतले, आज कुणाच्या तोंडी नसलेले शब्दही आहेत. तरी रोजच्या वापरात तुर्की शब्द पुष्कळ आहेत, हे मान्य. बेलग्रेडच्या बाजारात भाजी घेतलीत की 'केसा' हवी का, असं विचारतील. केसा म्हणजे पिशवी. तुर्कीमार्गे आलेला हा शब्द आणि फारसीतून आलेला आपला खिसा मुळात एकच. आपण 'खिशात' म्हणतो, ते 'उ केसि' म्हणतात. शब्द बाहेरचा, पण त्याला वाकवणारी विभक्ती घरची. सर्बियनमध्ये अशा सात आहेत. खिसा, दुकान, बक्षीस वापरून मराठी फारसी झाली असं तुम्ही म्हणणार नाही, मग सर्बियनला वेगळा न्याय का?

सर्बियनचे भाषासुधारक वुक काराजिच यांनी 1818 साली व्हिएन्नात कोश छापला, त्यात 26 हजारांवर शब्द होते, तेही चर्चच्या पुस्तकी भाषेतले नव्हेत, शेतकऱ्या-मेंढपाळांच्या तोंडचे. त्यांत तुर्कीतून आलेलेही होते. अक्षरंही त्यांनी बोलण्याप्रमाणे बसवली: एका ध्वनीला एक अक्षर, एकूण 30. त्यातलं 'य'साठीचं अक्षर लॅटिनमधून उचललं म्हणून धर्मगुरू खवळले. आपल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या भांडणांपेक्षा ते प्रकरण फार तिखट होतं. त्यांचं लेखन सर्बियात अधिकृत झालं 1868 साली, ते वारल्यानंतर चार वर्षांनी.

क्रोएशियन वेगळी की तीच, हाही प्रश्न तुम्ही ओझरता टाकलात. पाव सर्बियनमध्ये 'ख्लेब', क्रोएशियनमध्ये 'क्रुह'. आगगाडी 'वोझ' आणि 'व्लाक'. पण बोलणाऱ्यांना एकमेकांचं कळतं, दुभाष्या लागत नाही. नावाचा वाद व्याकरणापेक्षा राजकारणाचा जास्त आहे.

मूळ लेखातल्या त्या यादीतून शेचेर काढून बाहेरून आलेल्या शब्दांच्या यादीत, केसाच्या शेजारी टाकलाय. देवेर आहे तिथेच राहील.