‘सीई असेल तर आयएसआय कशाला?’ : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

चवथीची खरेदी सुरू झाली की गोव्यातील व्हॉट्सॲप गटांवर विजेच्या वस्तूंविषयीचा एक संदेश फिरू लागतो. त्याचा आशय असा : वस्तूवर सीई हे युरोपचे चिन्ह असेल तर ती आंतरराष्ट्रीय तपासणीत उतरलेली असते, आयएसआय ही निव्वळ सरकारी शुल्कवसुली आहे, मोबाइलच्या चार्जरवर आयएसआय नसते, म्हणजे सरकारलाही त्याची गरज वाटत नाही, आखातातून आणलेली वस्तू डोळे झाकून वापरावी, घरात एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारे बटण) असेल तर शॉकची भीती नाही, आणि कचेऱ्यांना हे नियम लागूच होत नाहीत. या सहा विधानांपैकी एकही जसेच्या तसे टिकत नाही. मात्र प्रत्येकाच्या तळाशी खऱ्याचा एखादा कण आहे, आणि म्हणूनच वाचणाऱ्याला ते पटते.

सीई चिन्ह कोणी कोणाला बहाल करत नाही. आपली वस्तू युरोपच्या नियमांप्रमाणे आहे असे उत्पादक स्वतः जाहीर करतो आणि चिन्हही स्वतःच उमटवतो. ५० ते १००० व्होल्ट एसीवर चालणाऱ्या नेहमीच्या घरगुती उपकरणांसाठी युरोपचा लो व्होल्टेज निर्देश त्रयस्थ प्रयोगशाळेची सक्ती करत नाही. तरीही तेथे या चिन्हाला वजन आहे, कारण तेथील यंत्रणा उत्पादकाकडून किंवा आयातदाराकडून तांत्रिक कागदपत्रे मागू शकते आणि सदोष माल बाजारातून काढायला लावू शकते. म्हापशाच्या बाजारात विकत घेतलेल्या इस्त्रीमागे ती यंत्रणा उभी नसते. भारतीय कायद्याच्या दृष्टीने ते चिन्ह असले काय आणि नसले काय, सारखेच. या संदेशाला उत्तर म्हणून काही जण ‘सीई म्हणजे चायना एक्स्पोर्ट’ असे लिहितात, तेही चूक आहे. त्या नावाचे कोणतेही अधिकृत चिन्ह नाही.

आयएसआयसाठी शुल्क घेतले जाते, हे खरे आहे. त्या शुल्काच्या बदल्यात काय होते, हे मात्र संदेशात येत नाही. इंडियन स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशन १९४७ साली स्थापन झाली. १९८७ पासून तिचे काम भारतीय मानक ब्यूरो, म्हणजेच बीआयएस, पाहते, पण चिन्हाचे जुने नाव लोकांच्या तोंडी टिकून राहिले. परवाना देताना कारखान्याची पाहणी होते, नमुने तपासले जातात आणि परवाना दिल्यानंतरही देखरेख चालू राहते. घरगुती उपकरणांच्या सुरक्षिततेचे मूळ मानक आयएस ३०२ हे असून ते आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६०३३५ वर आधारलेले आहे. म्हणजे ‘आंतरराष्ट्रीय विरुद्ध देशी’ ही मांडणीच पोकळ ठरते. या मानकातील एका चाचणीत उपकरण सुमारे ९३ टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या कक्षात ४८ तास ठेवतात आणि त्यानंतर त्यातून किती वीज गळते व त्याचे इन्सुलेशन विजेचा जास्तीचा दाब सोसते की नाही, हे पाहतात. जुलैत ज्यांच्या घरातील चिऱ्याच्या भिंतींना ओल येते आणि कपाटातल्या चपलांवर बुरशी धरते, त्यांना ही चाचणी कशासाठी आहे हे वेगळे सांगावे लागणार नाही. ओलावा धरणारे हलके इन्सुलेशन उन्हाळ्यात महिनोन्‌महिने कुरकुर न करता चालते. त्याची परीक्षा पावसाळ्यात होते, आणि त्या वेळी उपकरणावर घरातल्याच कोणाचा तरी हात असतो.

चार्जरवर आयएसआय नसते हे निरीक्षण बरोबर आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी सक्तीच्या नोंदणीची स्वतंत्र योजना २०१२ च्या आदेशाने आली. तिच्यात मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल घेऊन नोंदणी होते आणि वस्तूवर आयएस क्रमांकाबरोबर ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक छापावा लागतो. मोबाइलचे चार्जर, पॉवर बँक, एलईडी बल्ब हे सारे याच योजनेत आहेत. चवथीला गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधतात, तिच्याभोवती लावतो त्या एलईडी दिव्यांच्या माळाही २०१७ साली त्यात आल्या. रस्त्याकडेला वजनावारी विकल्या जाणाऱ्या माळेवर असा क्रमांक शोधून पाहावा.

येथे आणखी एक गल्लत सांगायला हवी, कारण माझ्या मते ती या संदेशापेक्षा जास्त घरांत आहे. एक्स्टेंशन बोर्डाच्या वायरवर किंवा प्लगवर आयएसआय दिसले की आपण सबंध बोर्डच प्रमाणित धरून चालतो. चिन्हाच्या वर छापलेला क्रमांक वाचला तर उलगडा होतो : आयएस ६९४ हे मानक पीव्हीसी वायरचे आहे, आयएस १२९३ प्लग आणि सॉकेटचे. वायरवरचे चिन्ह फक्त वायरची हमी देते. आतली पितळी पट्टी किती पातळ आहे, जोड कसा डागला आहे, डबा कोणत्या प्लास्टिकचा आहे, याबद्दल ते काहीही सांगत नाही. त्याच चालीवर, फ्रिजवरचे तारे वीजबचतीचे असतात, सुरक्षिततेचे नव्हेत.

आखातातून किंवा इंग्लंडहून आलेल्या वस्तूंचा प्रश्न गोव्यात घरोघरी आहे. त्या वस्तू हलक्या असतात असे माझे म्हणणे नाही. त्या वेगळ्या व्यवस्थेसाठी बनलेल्या असतात, एवढेच. ब्रिटिश पद्धतीच्या चौकोनी पिनांच्या प्लगमध्ये फ्यूज असतो, आणि वायरचे संरक्षण त्या फ्यूजवर सोपवलेले असते. इथे आल्यावर आपण तो प्लग कापून गोल पिनांचा बसवतो आणि फ्यूज कचऱ्यात जातो. सौदी अरेबियात वीज ६० हर्ट्झची आहे, आपल्याकडे ५०. केवळ तिथल्या वारंवारतेसाठी बनवलेली मोटर इथे सावकाश फिरते आणि जास्त तापते. पिन बसत नाही म्हणून लावलेला स्वस्त अडॅप्टर तर कित्येकदा अर्थिंगच तोडून टाकतो.

एमसीबीविषयी थोडक्यात. ती जादा भार आणि शॉर्टसर्किट यांपासून वायर वाचवते. १६ अँपिअरच्या एमसीबीतून १६ अँपिअर बिनदिक्कत वाहतात. माणसाला वाचवण्यासाठी बसवतात ती आरसीसीबी ३० मिलिअँपिअर गळतीलाच वीज तोडते. या दोन आकड्यांत पाचशे पटींहून अधिक अंतर आहे. एमसीबीवर विसंबून ओल्या हाताने गीझरचे बटण दाबणाऱ्याने ते ध्यानात घ्यावे.

राहिला कचेऱ्यांचा मुद्दा. भारतीय मानक ब्यूरो अधिनियम, २०१६ च्या कलम १७ नुसार, ज्या वस्तूंना चिन्ह सक्तीचे आहे त्या चिन्हाविना बनवणे, आयात करणे, विकणे, भाड्याने देणे, साठवणे किंवा विक्रीसाठी मांडणे, सगळेच निषिद्ध आहे. गिऱ्हाईक घरगुती आहे की वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतले, असा भेद त्यात नाही. कचेरीच्या वायरिंगसाठी परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल वीज खात्याकडे दिलेला असला, तरी तो जोडणीपुरता असतो. नंतर कोणीतरी टेबलाखाली आणून लावलेली किटली त्यात येत नाही, आणि ती कोणी विकत घ्यायची, कोणी पाहायची, हे बहुतेक ठिकाणी ठरलेलेच नसते.

चिन्हांची नक्कलही होते, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून आयएसआयखालचा ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक, किंवा इलेक्ट्रॉनिक वस्तूवरचा ‘आर’ क्रमांक, बीआयएस केअर या ॲपमध्ये टाकून पाहावा. परवाना कोणाचा, कोणत्या वस्तूचा आणि चालू आहे की नाही, हे तिथे दिसते. इस्त्रीवरचा क्रमांक पंख्याच्या परवान्याचा निघाला, तर तक्रार नोंदवण्याची सोयही त्याच ॲपमध्ये आहे.