गेम क्रॅश होतो म्हणजे ग्राफिक्स कार्ड गेलं, असं नाही

उन्हाळा लागला की नागपुरात गेम खेळणाऱ्यांच्या ग्रुपांमध्ये एक सल्ला फिरू लागतो: "गेम सारखा क्रॅश होतोय म्हणजे कार्ड तापून गेलं. केसचं झाकण काढा, कूलरचा झोत द्या, पेज फाईल बंद करा, विंडोज नव्याने टाका. तरी थांबलं नाही तर कार्ड बदला." यातलं तापण्याचं तेवढं अर्धवट खरं आहे. बाकीचं ऐकून लोक चांगली कार्डं पडेल भावात विकतात, आणि नव्या कार्डावरही क्रॅश सुरूच राहतो.

"तापलं म्हणून बंद पडलं."

खोली २५ अंशांवर असताना कार्ड ६८ वर राहत असेल, तर ४२ अंशांच्या खोलीत ते ८५ च्या आसपास जाणारच. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, आकडे चढले म्हणून घाबरू नका. तापलेलं कार्ड किंवा प्रोसेसर आधी स्वतःचा वेग कमी करतो, त्यामुळे गेम अडखळू लागतो. मर्यादा त्याहूनही ओलांडली तर अख्खं मशीन बंद होतं. गेम एकटाच बंद होऊन डेस्कटॉप दिसणं हे उष्णतेचं नेहमीचं लक्षण नव्हे. एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये सेन्सर उघडा, लॉगिंग सुरू करा, क्रॅश होईपर्यंत खेळा आणि फाईलच्या शेवटच्या ओळी वाचा. इंटेलचा प्रोसेसर १०० ला किंवा रायझन ७००० मालिकेतला ९५ ला टेकलेला दिसला तर उष्णतेचा विचार करा. सगळे आकडे सत्तरीत असतील तर तो विषय तिथेच संपला.

"झाकण काढा, कूलरसमोर ठेवा."

झाकण काढणं चाचणी म्हणून पंधरा मिनिटं ठीक आहे. कार्ड ८-१० अंशांनी उतरलं तर केसमध्ये हवा खेळत नाही, एवढं कळतं. मग समोरची जाळी साफ करा, समोर १२० मिमीचे दोन पंखे हवा आत घेणारे आणि मागे एक बाहेर फेकणारा लावा. कूलरचा झोत मात्र मशीनवर कधीच नको. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी हवा ओली असते, कधी तिच्यासोबत तुषारही येतात. बोअरचं पाणी असेल तर त्यातले क्षारही येतात. ओली धूळ हीटसिंकच्या पात्यांत चिकटून वाळते आणि मग ब्लोअरनेही निघत नाही. कूलर खोलीसाठी चालवा, खिडकी उघडी ठेवा, मशीन झोताच्या बाजूला ठेवा.

"पेज फाईल बंद करा."

हा सल्ला तर स्वतःच क्रॅश घडवतो. पेज फाईल म्हणजे रॅमला जोड म्हणून विंडोज डिस्कवर राखते ती जागा. विंडोज प्रोग्रामना मेमरीचं वचन देते, आणि त्या वचनाची मर्यादा म्हणजे रॅम अधिक पेज फाईल. मोठे गेम वापरण्याआधीच भरपूर मेमरी मागून ठेवतात. मर्यादा संपली की रॅम मोकळी दिसत असतानाही गेम पडतो. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी उघडून 'कमिटेड'चे दोन आकडे बघा. खेळताना ते एकमेकांना भिडत असतील तर कारण सापडलं. पेज फाईल 'सिस्टम मॅनेज्ड'वर ठेवा आणि एसएसडीवर २०-३० जीबी जागा मोकळी सोडा.

"विंडोज नव्याने टाका."

रॅम सदोष असेल तर नवी विंडोजही बिघडलेलीच बसू शकते. आधी बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी किंवा एक्सपो, म्हणजे रॅम जाहिरातीतल्या वेगाने चालवणारी सेटिंग, बंद करून दोन दिवस खेळा. क्रॅश थांबले तर रॅम जाहिरातीतला वेग पेलत नाही, इतकंच. थांबले नाहीत तर रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६ या प्रोग्रामच्या चारही फेऱ्या होऊ द्या. एकही चूक निघाली तर रॅमची एकेक पट्टी वेगळी तपासा.

"व्हिडिओ मेमरी संपल्याचा संदेश आला, म्हणजे कार्डच."

सर्वांत जास्त नुकसान या समजुतीने झालं आहे. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या अनेक डेस्कटॉप प्रोसेसरांवर अनरिअल इंजिनवर बनलेले गेम शेडर (दृश्य रंगवणारे छोटे प्रोग्राम) तयार करताना नेमका हाच संदेश देऊन पडत होते. दोष प्रोसेसरचा होता. त्याला मिळणारं व्होल्टेज जास्त होतं, हे इंटेलने जुलै २०२४ मध्ये मान्य केलं, ऑगस्टपासून दुरुस्तीचे मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना) दिले आणि बाधित प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. त्या पिढीचा आय५, आय७ किंवा आय९ असेल तर मदरबोर्डचा बायोस अद्ययावत करा, दुरुस्तीचा मायक्रोकोड त्यातूनच येतो. तरी क्रॅश होत असेल तर प्रोसेसर आधीच झिजलेला असू शकतो. झिजलेला प्रोसेसर बायोसने बरा होत नाही, वॉरंटीतच बदलून घ्यावा लागतो.

"रिस्टार्ट झालं, इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवर ४१ आलं, म्हणजे कार्ड जळतंय."

इव्हेंट व्ह्यूअर ही विंडोजची घडामोडींची नोंदवही. तिच्यातल्या ४१ चा अर्थ एवढाच, की विंडोज नीट बंद झाली नव्हती. ती का बंद पडली, हे ही नोंद सांगत नाही. निळा पडदा न येता मशीन क्षणात बंद होत असेल तर आधी वीज बघा. कार्डाला विजेचे दोन सॉकेट असतील तर एसएमपीएसमधून (मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यातून) दोन वेगळ्या केबल आणा, एकाच केबलची दोन टोकं लावू नका. ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस साधारण ३६० वॉटच देतो, आणि गेममध्ये अख्ख्या मशीनचा भार क्षणभर त्याच्या वर उसळू शकतो. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर तर अ‍ॅक्टिव्ह पीएफसीचे (वीज नीट खेचणारं सर्किट असलेले) काही एसएमपीएस तग धरत नाहीत. अर्थिंग नीट असलेल्या सॉकेटवर यूपीएसशिवाय खेळून बघा. मग आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंग बदलणाऱ्या प्रोग्राममध्ये पॉवर लिमिट ८० टक्के करा आणि फ्रेम सेकंदाला ६० वर बांधा. एवढ्याने बंद पडणं थांबलं तर संशय आधी एसएमपीएसवर घ्या.

कार्डावर संशय घ्यावा अशी खूण वेगळी आहे: पडदा काळा होतो, आवाज सुरू राहतो आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डिस्प्लेची ४१०१ नोंद येते. म्हणजे ड्रायव्हरने ठरलेल्या वेळेत, मुळात दोन सेकंदांत, उत्तर दिलं नाही. तेव्हाही आधी ओव्हरक्लॉक (वाढवलेला वेग) काढा, सेफ मोडमध्ये डीडीयू या ड्रायव्हर काढणाऱ्या प्रोग्रामने ड्रायव्हर पूर्ण पुसून पुन्हा टाका, कार्ड काढून नीट बसवा. आणि बर्डीत, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, ते विकायला नेण्याआधी दुसऱ्याच्या मशीनमध्ये तोच गेम तासभर चालवून बघा. तिथेही पडलं, तरच कार्ड बदला.