कच्चं की शिजवलेलं, हा नंतरचा प्रश्न

काका, नमस्कार. वयाचा उल्लेख तुम्हीच केलात म्हणून काका म्हणते. मांजराच्या घरगुती जेवणावर मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया रागाची असली तरी तुमच्या बोक्यावर तुमचा किती जीव आहे ते तिच्यातून दिसतं, म्हणून दोन ओळींत न उरकता सविस्तर लिहिते.

तुमचे आक्षेप थोडक्यात असे. कच्चं मांस हेच मांजराचं निसर्गाने ठरवलेलं अन्न. मग वजनकाटा, अंड्याच्या टरफलांची पूड, टॉरिन (मांसात असणारं एक अमिनो आम्ल) हा खटाटोप कशाला? ‘वाघ काय तराजू घेऊन बसतो का?’ असं तुम्ही विचारलंत. रत्नागिरीच्या घरी मांजरं दूधभातावर आणि माशांच्या डोक्यांवर वाढली, त्यांना काही झालं नाही. आणि चिकन कच्चं देऊ नका असं मी लिहिलं ते बर्ड फ्लूचा बागुलबुवा दाखवून लोकांना कंपन्यांच्या पाकिटांकडे वळवण्यासाठी.

पहिल्या मुद्द्यावर आपलं अर्धं एकमत आहे. मांजर पक्कं मांसाहारी. रानोमाळ फिरणारी मांजरं काय खातात याचा अभ्यास झालाय. त्यांच्या उष्मांकांतले साधारण 52 टक्के प्रथिनांतून, 46 टक्के चरबीतून आणि जेमतेम 2 टक्के पिष्टमय पदार्थांतून येतात. तेव्हा पोळी-भात मांजराचं जेवण नाही, हे तुमचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य. पण उंदीर पकडला की मांजर त्याचा बोनलेस भाग काढून घेत नाही. हाडं, यकृत, हृदय, मेंदू, रक्त, सगळं पोटात जातं. मांजराला कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा किंचित जास्त लागतं, आणि अख्ख्या उंदरात ते हाडांमुळे आपोआप मिळतं. बोनलेस चिकनमध्ये फॉस्फरस कॅल्शियमच्या पंधरा-वीस पट असतो. टरफलांची पूड घालते ती हाडांच्या जागी. बिनहाडाच्या एक किलो मांसाला साधारण 6 ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर. त्यासाठीच वजनकाटा.

हे न केल्यावर काय होतं ते आमच्याच इमारतीत पाहिलंय. एका तरुण जोडप्याने पिल्लू आणलं आणि हौसेने रोज ताजं बोनलेस चिकन घालायला सुरुवात केली. दुसरं काही नाही, फक्त चिकन. पिल्लू गुटगुटीत दिसायचं, अंगावर चकाकी होती. चार महिन्यांचं झालं तेव्हा ते सोफ्यावर उडी मारेना. मागचे पाय पसरून बसायचं, आणि उचलायला गेलं की ओरडायचं. एक्स-रे काढला तेव्हा मी सोबत होते. डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली, तर हाडं आजूबाजूच्या मांसाइतकीच फिकट दिसत होती आणि मांडीचं हाड मधे वाकून चिरलेलं. रक्तातलं कॅल्शियम टिकवण्यासाठी शरीराने स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम काढून घेतलं होतं. पिंजऱ्यात विश्रांती आणि पूर्ण आहार, यावर ते पिल्लू सावरलं. आता ते पडद्यांवर चढतं. पण त्या दोघांनी प्रेमात काहीच कमी केलं नव्हतं हे लक्षात घ्या.

तुम्ही अमेरिकेतल्या डॉक्टरचा दाखला दिलात, ज्याने कच्चं मांस खाणारी मांजरं धडधाकट आणि शिजवलेलं खाणारी रोगट होतात हे ‘सिद्ध’ केलं. ते फ्रान्सिस पॉटेंजर. कॅलिफोर्नियात 1932 ते 1942 या काळात त्यांनी ते प्रयोग केले, आणि शिजवलेल्या मांसावरची मांजरं पिढ्यागणिक खंगत गेली हे खरं आहे. पण टॉरिन मांजरांना अन्नातून मिळालंच पाहिजे, हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. त्याच्या अभावाने मांजराच्या डोळ्यांचा पडदा खराब होतो, हे 1975 साली कळलं. टॉरिन पाण्यात विरघळतं. मांस उकळलं की ते पाण्यात उतरतं, आणि पाणी ओतून दिलं की गेलं. म्हणजे शिजवण्यात एक घटक कमी पडला, तर तो घटक परत घाला, एवढाच या प्रयोगांतून आज घेण्यासारखा अर्थ. मी मांस वाफेवर किंवा अगदी थोड्या पाण्यात शिजवते, सुटलेलं पाणी त्याच डब्यात घेते, गार झाल्यावर टॉरिन मिसळते.

आणि कंपन्यांची तरफदारी म्हणाल, तर 1987 साली कॅलिफोर्नियातल्याच पॉल पिअन या पशुवैद्यांनी दाखवून दिलं की हृदय पसरून मरणाऱ्या मांजरांत टॉरिन कमी असतं, आणि ते दिलं की हृदय सुधारतं. ती मांजरं बाजारातलंच तयार खाणं खात होती. त्यानंतर कंपन्यांनी टॉरिनचं प्रमाण वाढवलं. तेव्हा पाकीट असो की घरचा डबा, कसोटी एकच: मांजराला लागणारं सगळं त्यात आहे का?

रत्नागिरीच्या मांजरांबद्दल. दूधभात आपण घालतो, म्हणून तो आपल्या लक्षात राहतो. माळ्यावरचे उंदीर, परसातले सरडे आणि पाली, पहाटे पकडलेलं पाखरू, हे आपल्यासमोर घडत नाही. भाताच्या कणगीपाशी उंदीर फिरकू नयेत म्हणून तर मांजर पाळायचे. ती मांजरं आपलं जेवण आपण मिळवत होती, दूधभात वरचा. आणि एका वेतातली किती पिल्लं वर्षभर जगली, हे कोणत्याही घरात मोजलं जात नव्हतं. तुमचा बोका पुण्यात जाळी लावलेल्या फ्लॅटमध्ये राहतो. त्याला तुम्ही जे द्याल तेवढंच मिळणार. मासे मात्र त्याला रोज कच्चे घालू नका. अनेक माशांत बी-1 जीवनसत्त्व नष्ट करणारं थायमिनेज असतं, आणि हे जीवनसत्त्व कमी पडलं की मांजराची मान खाली झुकते, झटके येतात. शिजवल्यावर थायमिनेज निकामी होतं.

आता बर्ड फ्लू. तुम्ही वाघाचं उदाहरण दिलंत, तर वाघाचंच सांगते. डिसेंबर 2024 मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावला. तपासणीत एच5एन1 हा बर्ड फ्लूचा विषाणू निघाला, आणि खाद्यातल्या चिकनमधून तो आला असावा असा संशय होता. पुढच्याच महिन्यांत मध्य प्रदेशात छिंदवाड्याला पाळीव मांजरांत हा विषाणू सापडला. अमेरिकेत ओरेगॉन राज्यात घरातलं एक मांजर टर्कीचं गोठवलेलं कच्चं खाद्य खाऊन मेलं. खाद्यातला आणि मांजरातला विषाणू एकच निघाला. गोठवलेलं, हा शब्द महत्त्वाचा आहे. उणे 18 अंशाला काही दिवस ठेवल्याने मांसातल्या टोक्सोप्लाझ्मा या परजीवीच्या गाठी मरतात, विषाणू आणि साल्मोनेलासारखे जीवाणू मरत नाहीत. पूर्ण 70 अंशापर्यंत शिजवलं की एच5एन1 मरतो.

आपलं कोपऱ्यावरचं चिकन सेंटर आठवा. जिवंत कोंबड्यांचे पिंजरे, शेजारीच कापणं, तोच ठोकळा, तोच सुरा. त्या दुकानदाराला मी दोष देत नाही. तो माणसांनी शिजवून खायचं मांस विकतो. तेच कच्चं मांजराला देणं मला पटत नाही, म्हणून चिकन शिजवूनच, यावर मी ठाम आहे. बोकडाचं मटण कुणाला कच्चं द्यायचंच असेल तर आधी गोठवून द्यावं. घरात गरोदर बाई, तान्हं मूल किंवा केमो चालू असलेलं माणूस असेल तर तेही नको.

‘मग सरळ पाककृती लिहा ना,’ असंही तुम्ही म्हटलंत. काका, अमेरिकेत मांजरांसाठीच्या 114 घरगुती पाककृती गोळा करून तपासल्या. संगणकावर हिशोब करता आला अशा 94 पैकी एकही मांजराला लागणारे सगळे घटक पुरवत नव्हती. जस्त, ई जीवनसत्त्व, मँगनीज, कोलीन, असं काही ना काही कमीच. मी मांडीचं मांस, किलोमागे 50 ग्रॅमच्या आत कलेजी, थोडी हृदयं, टरफलांची पूड आणि टॉरिन हे लिहिते ते केवळ सांगाडा म्हणून. बाकीची भर तुमच्या बोक्याचं वजन आणि तपासण्या बघून पशुवैद्यांनीच ठरवायला हवी.

तुम्ही लिहिलंत की तो तीन वर्षं छातीचं बोनलेस आणि रोज वाटीभर कलेजी खातो. याची मला खरोखर काळजी वाटते. छातीच्या मांसात टॉरिन मांडीपेक्षा कित्येक पट कमी असतं. आणि कलेजीतलं ए जीवनसत्त्व साठत जातं. अति कलेजीने मांजराच्या मानेचे मणके एकमेकांना जुळून आखडतात. तो मान वळवून पाठ चाटतो का, तेवढं आजच बघा.

खाणं एकदम बदलू नका. कलेजी थोडी थोडी कमी करा, नवं जुन्यात मिसळत न्या. ‘भूक लागली की खाईल झक मारत’ हे मांजराच्या बाबतीत चालत नाही. दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या, त्यातून ते जाड असेल तर जास्तच, यकृतात चरबी भरते आणि जिवावर बेततं. या आठवड्यात डोळे, रक्तातलं कॅल्शियम आणि हृदयाचा इको करून घ्या. टॉरिनअभावी गेलेली नजर परत येत नाही, हृदय मात्र वेळेवर कळलं तर सावरतं. रिपोर्ट आले की इथेच लिहा, त्याचं वजनही लिहा.