उच्चारांचे निमित्त

गेल्या रविवारी भावोजींनी घरच्या व्हॉट्सॲप समूहावर ‘मराठी कलाकार हिंदीत मागे का? कटू पण सत्य’ अशा मथळ्याचा एक संदेश टाकला आणि त्याखाली माझ्या भाचीसाठी, म्हणजे स्वतःच्याच मुलीसाठी, ‘नीट वाच’ एवढीच ओळ लिहिली. भाची तीन वर्षांपासून डोंबिवलीहून घाटकोपर आणि तिथून मेट्रोने वर्सोवा असा प्रवास करून आरामनगरच्या बंगल्यांमध्ये ऑडिशन देते आहे. हाच संदेश त्याआधी मला सोसायटीच्या समूहावर आला होता, एका जुन्या सहकाऱ्याकडूनही आला होता, आणि दोन्ही वेळा मी तो पुसून टाकला होता. पण त्या रात्री भाचीने फोन करून ‘मावशी, माझं हिंदी खरंच इतकं वाईट आहे का गं?’ असे विचारले, तेव्हा तो पुन्हा उघडून वाचणे भाग पडले.

ज्यांच्यापर्यंत तो अजून पोहोचलेला नाही त्यांच्यासाठी त्यातला मजकूर थोडक्यात असा आहे. मराठी माणसाचे हिंदी कानाला टोचते, म्हणून त्याला हवालदार आणि कामवाली याच भूमिका मिळतात. मराठी चेहरा नायक-नायिकेचा नव्हे. हिंदी चित्रपटसृष्टी पंजाब्यांनी उभारली, तिथे मराठी माणूस पाहुणाच होता. आता सगळी निवड ऑडिशनने होते, त्यामुळे ज्याच्यात गुण नाहीत तोच भेदभावाची तक्रार करतो. मराठी नट नाटकाचे प्रयोग सोडत नाहीत, म्हणून मागे राहतात. आणि या सगळ्यावर उपाय असा की प्रोफाइलवरून आडनाव काढावे आणि घरात मुलांशी मराठी बोलणे बंद करावे.

मी अठरा वर्षे डबिंगसाठी संवाद लिहिते आणि ध्वनिमुद्रणाच्या वेळी काचेच्या अलीकडे बसून उच्चार तपासते, त्यामुळे पहिल्या मुद्द्यातले अर्धे सत्य नाकारणे मला शक्य नाही. मराठी माणसाच्या हिंदीत ‘च’ आणि ‘ज’ पुष्कळदा दंत्य होतात, लिंग चुकते, ‘मैंच’सारखा मराठी ‘च’ वाक्यात शिरतो आणि नुक्त्याचे, म्हणजे खाली टिंब असलेले, ख़, ग़, ज़, फ़ सरळ सपाट होतात. लताबाईंनी स्वतः अनेकदा सांगितलेला प्रसंग सर्वांना ठाऊक आहे: लोकलच्या प्रवासात अनिल विश्वास यांनी त्यांची दिलीपकुमार यांच्याशी ओळख करून दिली, तेव्हा महाराष्ट्रीयांच्या उर्दूला डाळभाताचा वास येतो अशा अर्थाचे काहीतरी दिलीपकुमार बोलून गेले. हा प्रसंग सांगणारे सहसा इथेच थांबतात. त्यानंतर लताबाईंनी एका मौलानांकडून उर्दूचे धडे घेतले आणि पुढे त्यांच्या उर्दूबद्दल कोणी काही बोलू शकले नाही. पेशावरात जन्मलेल्या आणि देवळालीच्या शाळेत शिकलेल्या दिलीपकुमार यांनाही १९६१ सालच्या ‘गंगा जमुना’साठी पूरबी बोली शिकून घ्यावी लागली होती. उच्चार ही शिकण्याची गोष्ट आहे, आणि या धंद्यात प्रत्येकाने ती कधी ना कधी शिकलेली आहे.

पण संदेशाचा दावा उच्चार चुकतात एवढाच नाही. त्यामुळेच भूमिका मिळत नाहीत, असे त्याचे म्हणणे आहे, आणि तेच धादांत खोटे आहे. बोलपटाच्या पहिल्या दिवसापासून हिंदी चित्रपटात ज्याला घ्यायचे ठरते त्याच्या उच्चारांची सोय केली जाते. १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये झळकलेल्या ‘आलम आरा’चे नायक मास्टर विठ्ठल हे मराठी होते आणि त्यांना हिंदुस्थानी संवाद नीट बोलता येत नसत. त्यामुळे त्यांना पडद्यावर बराच काळ अर्धवट शुद्धीत दाखवले, असे सांगतात. मूकपटांतल्या मारामाऱ्यांमुळे त्यांना गर्दी होत होती, निर्मात्याला ते हवेच होते, आणि त्यांच्या कराराच्या खटल्यात बॅरिस्टर जीना उभे राहिले होते. अशा नटासाठी पटकथा वाकली. श्रीदेवी तमिळ-तेलुगूमधून हिंदीत आल्या तेव्हा सुरुवातीची कित्येक वर्षे त्यांचा आवाज दुसऱ्या कोणाचा तरी असे. १९८६ सालच्या ‘आखरी रास्ता’मध्ये तो रेखा यांचा होता, आणि श्रीदेवींचा स्वतःचा आवाज प्रेक्षकांनी १९८९ सालच्या ‘चांदनी’त ऐकला. तोवर त्या हिंदीतल्या सर्वांत मोठ्या नायिका झालेल्या होत्या. कतरिना कैफ लंडनहून आल्या, त्यांच्याही सुरुवातीच्या चित्रपटांत आवाज उसना होता. या कोणाच्याही गुणांविषयी माझी तक्रार नाही. मात्र ‘हिंदी येत नाही म्हणून भूमिका नाही’ हा नियम त्यांना लागू झाला नाही, तर तो नियम आहे असे म्हणता येत नाही.

आता उलट बाजू पाहा. २०२१ साली ‘पुष्पा’ने हिंदी पट्ट्यातली चित्रपटगृहे भरली. त्या चित्रपटात अल्लू अर्जुन यांच्या तोंडी जे हिंदी आहे, जे बिहार-उत्तर प्रदेशातल्या पोरांनी पाठ केले आणि ज्याच्या नकलांनी मोबाइल भरून गेले, ते हिंदी श्रेयस तळपदे यांचे आहे. ‘बाहुबली’च्या २०१५ आणि २०१७ सालच्या दोन्ही भागांत प्रभास यांचा हिंदी आवाज शरद केळकर यांचा आहे. केळकर ग्वाल्हेरच्या मराठी घरातले, म्हणून त्यांचे उदाहरण कोणी बाजूला ठेवू म्हणेल तर ठेवू. तळपदे मात्र मुंबईचे आणि मराठी नाटक-मालिकांमधून पुढे आलेले आहेत. मराठी माणसाचे हिंदी कानाला टोचत असते, तर कोट्यवधी हिंदीभाषकांनी ते तीन तास पैसे देऊन ऐकले नसते. त्यांना आवाज चालला आणि त्यामागचे आडनाव त्यांच्यापर्यंत पोहोचलेच नाही. भावोजी, हे उदाहरण दोनदा वाचा.

जाता जाता एक गोष्ट. पंजाबी ठसक्याच्या हिंदीला या शहरात कोणी ‘ॲक्सेंट’ म्हणत नाही. तो रांगडेपणा ठरतो. बंगाली गोलाई गोड ठरते. मराठी सूर तेवढा हवालदाराचा ठरतो. २००१ सालच्या ‘लगान’नंतर सिंक साउंड रुळले, चित्रीकरणातलाच आवाज वापरला जाऊ लागला आणि नटाच्या स्वतःच्या उच्चारांना पूर्वीपेक्षा महत्त्व आले, हे मान्य. तरीही २०२५ सालच्या ‘छावा’त महाराणी येसूबाईंच्या भूमिकेत रश्मिका मंदाना होत्या आणि झलक येताच त्यांच्या दाक्षिणात्य उच्चारांवर टीका झाली. मराठी राणीचे हिंदी बोलायला कानडी उच्चार चालले आणि त्याच चित्रपटात मराठी नटांना मुख्यतः दुय्यम भूमिका मिळाल्या. दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर मराठी होते, हेही लिहिले पाहिजे, कारण निवड करणारा मराठी असला की निवड बदलते हा आपला भाबडा समज आहे.

चेहऱ्याच्या मुद्द्यावर शब्द खर्च करायचे नाहीत असे ठरवले होते, पण भाचीच्या मोबाइलमधल्या कास्टिंगच्या सूचना वाचल्यावर ते जमले नाही. ‘बहीण, नॉर्थ इंडियन लुक, गोरी’, ‘क्लासी चेहरा’ आणि त्याखाली ‘कामवाली, मराठी चेहरा’, अशा त्या सूचना आहेत. लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकलेली पहिली भारतीय नटी लीला चिटणीस होती, तेव्हा हा मराठी चेहरा कुठे गेला होता? शिवाय सावळेपणाचे म्हणाल, तर सावळा रंग यांना चालतो, फक्त तो डब्यातून काढून लावलेला असावा लागतो. २०१९ या एकाच वर्षी ‘सुपर ३०’मध्ये हृतिक रोशन यांचा आणि ‘बाला’मध्ये भूमी पेडणेकर यांचा चेहरा रंगवून काळवंडवला गेला. जन्मतः सावळी असलेली मुलगी त्या ऑडिशनला बोलावली गेली असती, तर रंगभूषेचा खर्चही वाचला असता.

हिंदी चित्रपट पंजाब्यांनी उभारला, या वाक्याला उत्तर द्यायचे म्हणजे शाळेचे पुस्तक उघडण्यासारखे आहे. १९१३ साली गिरगावात ‘राजा हरिश्चंद्र’ दाखवणारे फाळके कोण होते? दुर्गा खोटे, शोभना समर्थ, ललिता पवार, नूतन, नंदा, भगवानदादा ही यादी मी इथेच सोडते. एकच गोष्ट सांगण्याजोगी आहे. १९४१ साली व्ही. शांताराम यांनी पुण्याच्या प्रभात कंपनीचा ‘शेजारी’ हिंदीत ‘पडोसी’ नावाने केला, तेव्हा हिंदू ठाकूर मजहर खान यांना आणि मुसलमान मिर्झा गजानन जहागीरदार यांना दिला, तोही जाणूनबुजून. मराठी नटाच्या तोंडी मिर्झाचे उर्दू शोभणार नाही, असे पुण्यातल्या त्या मंडळींना वाटले नाही.

ऑडिशनमुळे भेदभाव संपला, हा मुद्दा त्यातल्या त्यात विचार करण्यासारखा आहे, कारण ऑडिशनमुळे काही दारे खरोखर उघडली आहेत. ‘सेक्रेड गेम्स’मध्ये जितेंद्र जोशी यांचा काटेकर हवालदारच होता, पण त्याला घर होते, बायको होती, विनोदबुद्धी होती आणि त्याच्या मरणाने प्रेक्षक हलला. मुंबईच्या पोलिसांत मराठी माणसे आहेत, घरकामाला जाणाऱ्या मराठी बायका आहेत, त्यामुळे त्या भूमिका मराठी नटांनी करण्यात कमीपणा नाही. कमीपणा ‘जी साब’पलीकडे वाक्य नसण्यात आहे. छाया कदम यांनी पायल कपाडिया यांच्या ज्या चित्रपटात रुग्णालयातल्या स्वयंपाकिणीची भूमिका केली, त्याला २०२४ साली कान महोत्सवात ग्राँ प्री मिळाले. त्या चित्रपटात मुंबईतली माणसे आपापल्या भाषा बोलतात, बरेचसे मल्याळममध्ये, आणि कोणाला काही अडत नाही.

पण ऑडिशन ज्या खोलीत होते, तिथे पोहोचण्याआधीच भूमिकेवर जातभाई-भाषाभाईंची चिठ्ठी लागलेली असते, आणि मुख्य भूमिकेचे बहुधा ऑडिशन होतच नाही. २०१४ साली मणिपूरच्या मुष्टियोद्धीवर चित्रपट झाला, तेव्हा मेरी कोम यांची भूमिका प्रियांका चोप्रा यांनी केली. मणिपूरच्या लिन लैश्राम त्याच चित्रपटात एका छोट्या भूमिकेत होत्या. इथे गुणवत्ता मोजली गेली की तिकीटबारी, हे वेगळे सांगायला नको. निर्मात्याला पैसे परत मिळवायचे असतात, हे मला समजते. मग तसे सांगावे. त्याला गुणवत्तेचे नाव देऊन ज्या मुलीला ‘नॉट फिट’ म्हणून तीस सेकंदांत बाहेर पाठवले, तिच्या जिभेला दोष देऊ नये.

आपलेही हात स्वच्छ नाहीत. मराठी मालिकेतली नायिका विदर्भातल्या गावची असली तरी पुणेरी बोलते आणि वऱ्हाडी किंवा मालवणी बोली घरगड्याच्या वाट्याला येते. आपल्या विनोदी नाटकांतले ‘भय्ये’ आणि ‘मद्रासी’ कसे बोलत आले, तेही आठवून पाहावे.

नाटकाच्या प्रयोगांचा मुद्दा थोडासा खरा आहे. शनिवार-रविवारच्या तारखा तीन महिने आधी दिलेल्या असतात, आणि चित्रीकरणवाल्यांना ‘रविवारी शिवाजी मंदिरला प्रयोग आहे’ हे उत्तर आवडत नाही. त्याला आळस म्हणणाऱ्याने एकदा बसमधून दौरा करावा.

राहिला तो उपाय, आणि माझा खरा राग त्याच्यावर आहे. बाकीचे मुद्दे वाचून माणूस फार तर चिडेल, हा मुद्दा वाचून तो घरात काहीतरी करून बसेल. भावोजींनी तो संदेश टाकल्यापासून घरात हिंदीत बोलायला सुरुवात केली आहे. ताई सांगत होती, जेवताना ‘भाजी पास करो’ चालू आहे. पंचावन्नाव्या वर्षी भावोजींच्या तोंडचे हिंदी ऐकून मुलीचे उच्चार सुधारतील, असे ज्याने लिहिले त्याने एकतर भावोजींना ऐकलेले नाही किंवा भाषा कशी शिकतात हे त्याला ठाऊक नाही. चुकीचे हिंदी दिवसभर कानावर पडल्याने चुकाच पक्क्या होतात. ‘ख’ आणि ‘ख़’ यांतला फरक कानाने पकडायचा असतो, आणि ज्याच्या कानाला स्वतःच्या भाषेतल्या ‘च’च्या दोन्ही छटा नीट कळतात त्याला तो लवकर सापडतो, हे मी स्टुडिओत वारंवार पाहिले आहे.

स्मिता पाटील मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचत असत. श्याम बेनेगल यांनी त्यांना तिथे पाहिले आणि पुढे ‘मंथन’मध्ये गुजरातमधल्या खेड्यातली बाई आणि ‘भूमिका’मध्ये मराठी नटी त्यांच्याकडून हिंदीत करून घेतली. ‘भूमिका’साठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मराठी बोलणे बंद करण्याचा सल्ला तेव्हा कोणी त्या घरात दिला असता, तर बेनेगल यांच्या नजरेस त्या पडल्या असत्या की नाही, कोण जाणे. सयाजी शिंदे यांनी तर २००० साली तमिळमध्ये महाकवी सुब्रमण्य भारती साकारले. तमिळ लोकांनी आपला कवी साताऱ्याकडच्या माणसाला दिला, आणि आम्ही मात्र आमच्या मुलीला जेवणाच्या ताटावर मराठी बोलू देत नाही.

भाचीने आपल्या प्रोफाइलवरून आडनाव खरोखरच काढले आहे. ते ठेवायचे की नाही, हा तिचा निर्णय आहे. या धंद्यात अनेकांनी नावे बदलली आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. शुक्रवारी तिला एका वकिलाच्या भूमिकेसाठी सेल्फ टेप, म्हणजे स्वतःच चित्रित केलेले ऑडिशन, पाठवायची आहे. संवादात ‘ख़िलाफ़’ तीनदा येतो आणि तिसऱ्यांदा तिचा ‘फ़’ घसरतो. रोज रात्री नऊ वाजता फोनवर आम्ही तेवढ्यावरच काम करतो आहोत, आणि वरचे दात खालच्या ओठाला कसे टेकवायचे हे मी तिला मराठीतच सांगते.